झाकलेले हात

इचलकरंजीतले माग भंगारात गेले आणि त्यांच्या शेडमध्ये टोमॅटोची रोपं आली, तेव्हा गावाला फारसा धक्का बसला नाही. धक्का बसायची गावाची ताकद आधीच संपलेली होती. उन्हाळा आता होळीच्या आधी सुरू व्हायचा आणि गणपती आले तरी हटायचा नाही. उघड्यावर टाकलेलं बी उगवायचं, दोन पानं काढायचं आणि करपून जायचं. त्यामुळं रोपं तयार करायचं काम बंद खोल्यांत गेलं, आणि बंद खोल्या इचलकरंजीत रग्गड होत्या. पत्र्याखाली जाड छत मारलं, गार हवा सोडली, मांडण्यांवर गुलाबी दिवे टांगले आणि ‘दृढमूल’ नावाची कंपनी सुरू झाली. जिथं दिवसरात्र मागांचे धोटे आपटायचे, तिथं आता इतकी शांतता असायची की जुन्या कामगारांना पहिले काही महिने कुणीतरी वारल्यासारखं वाटायचं.

राजश्री बुगड त्या जुन्या कामगारांतली. पन्नाशी ओलांडलेली. पूर्वी ती मागावर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या कांडीवर सूत गुंडाळायची. आता ती रोपांवरून हात फिरवायची.

हे काम ऐकायला देवळातलं वाटतं, पण त्यामागं शास्त्र आहे. बंद खोलीतलं रोप लाडावलेलं असतं. त्याला वारा लागत नाही. उजेड जरा कमी पडला की तो शोधत ते नुसतं उंच होत जातं. देठ दोऱ्यासारखा, पानं फिकट, आणि शेतात लावलं की पहिल्या झुळकीला आडवं. शेतात हवं असतं बुटकं, जाड देठाचं, गडद पानांचं रोप. तसं व्हायला त्याला थोडा त्रास द्यावा लागतो. दिवा जवळ आणायचा, रात्री गारठ्यात ठेवायचं, पाणी हात राखून द्यायचं आणि शेंड्यांना रोज स्पर्श करायचा. स्पर्श झाला की पेशींतून कॅल्शियमची एक लाट धावते. तिच्यामागोमाग संकटाची खबर देणारी रसायनं तयार होतात, उंची वाढवणारं संप्रेरक आवरतं घेतलं जातं, आणि रोप आपली सगळी ताकद देठ जाड करण्यात घालतं. थोडक्यात, जग आपल्या वाईटावर आहे अशी रोपाची लहानपणीच खात्री करून द्यायची.

कंपनीनं आधी ब्रश लावलेला दांडा फिरवून पाहिला. चार दिवस रोपं दचकली, मग त्यांना सवय झाली आणि ती निवांत उंच व्हायला लागली. नियमित त्रासाची सवय होते, हे महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको. मग अभियंत्यांनी दांड्याला अनियमित व्हायला शिकवलं. पण तो अनियमितपणा सरकारी खात्याच्या अचानक तपासणीसारखा निघाला. रोपांना त्याचाही सुगावा लागायचा. शेवटी बायका ठेवल्या. रुळावरून सावकाश सरकणाऱ्या ट्रॉलीवर बसायचं, हात सैल सोडायचा, आणि ट्रॉली तो हात शेंड्यांवरून पुढं पुढं नेते.

सगळ्या बायकांत राजश्रीच्या ट्रेमधली रोपं बुटकी आणि दणकट व्हायची. इतर बायकांनी तिच्यासारखं बसून पाहिलं, तिच्यासारखा हात धरून पाहिला. एकीनं तिचं हाताला लावायचं तेलसुद्धा विचारून घेतलं. काही फरक पडला नाही. कंपनीच्या वर्धापनदिनी राजश्रीला शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. संशोधन विभागाचे प्रमुख डॉ. निखिल हुपरीकर म्हणाले, “आईच्या हाताला पर्याय नाही.” आणि त्याच भाषणात त्यांनी तो पर्याय जाहीर केला. राजश्रीच्या हातात संवेदकांचा मोजा घालून तिची प्रत्येक हालचाल टिपायची आणि ती एका रबरी हाताकडून सगळ्या शेडमध्ये करून घ्यायची. यंत्राचं नाव ‘ममता’. टाळ्या वाजल्या. सर्वात मोठी टाळी राजश्रीची मुलगी ईश्वरी हिची होती, कारण ममता सांभाळायचं काम तिच्याकडं येणार होतं.

पहिल्या रांगेत राजश्रीचा नवरा महादेव बसला होता. त्याला भाषणातलं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. तीस वर्षं मागाचा जॉबर म्हणून काम केल्यावर, म्हणजे बिघडलेले माग त्या गदारोळात उभं राहून दुरुस्त केल्यावर, कान शाबूत राहतच नाहीत. मागांच्या शेडमध्ये तसंही कुणी तोंडानं बोलायचं नाही. शंभर माग चालू असताना बोलायचे ते हात. ‘सुताचा बीम संपला’, ‘कांडी आण’, ‘मालक आला’, ‘मालकाचा मूड बरा नाही’ अशा सगळ्या खुणा ठरलेल्या होत्या आणि त्यांतूनच पुढं चेष्टा, भांडणं आणि महादेव-राजश्रीचं लग्नही जमलं होतं. ती भाषा येणारी माणसं एकेक करून गेली. आता ती घरातल्या दोघांपुरती उरली होती. ईश्वरीला जेवणाखाणापुरती यायची.

महादेवनं लांबूनच राजश्रीकडं बघून हात हलवले: आता कळलं, मी असा बुटका का राहिलो.

राजश्री स्टेजवर हसली. हुपरीकरांना वाटलं, सत्काराचा आनंद.

ममता चालली. टोमॅटोची रोपं सगळ्या शेडमध्ये एकसारखी दणकट निघाली. ईश्वरी रोज पडद्यावर आईच्या हाताचा आलेख बघायची. हात शेंड्यांवरून सरकतो ती मोठी, संथ लाट, आणि त्या लाटेच्या अंगावर एक बारीक थरथर. सेकंदाला कधी चार, कधी पाच, मध्येच थांबलेली, पान आडवं आलं की वेगळीच. रोपांना सवय का होत नव्हती, त्याचं उत्तर त्या थरथरीत होतं. हुपरीकर त्या थरथरीला ‘स्वाक्षरी’ म्हणायचे. ईश्वरी दोन दिवस घरी आईच्या हातांकडं बघत राहिली. मग एका रविवारी जेवणं झाल्यावर ती आईसमोर येऊन बसली.

“आई, हात मांडीवर ठेव बरं. सैल सोड.”

“आता घरात पण मोजा घालतीस काय?”

“ठेव गं.”

राजश्रीनं हात ठेवला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायला लागले, जशी वात वळताना घासतात.

“हे कधीपासून आहे?”

“असतंय कधीमधी. थकल्यावर.”

“आत्ता काय केलंस थकायला? मीच भांडी घासली.”

मिरजेच्या डॉक्टरांनी तिला चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, आणि कंपवात असं नाव सांगितलं. राजश्रीनं पहिला प्रश्न विचारला, “मग रोपं?”

“कुठली रोपं?” डॉक्टर म्हणाले.

ईश्वरीनं त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. अशी केस त्यांच्याकडं पहिल्यांदाच आली होती. कंपवातानं माणसाला काही मिळवून दिल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं.

“गोळ्यांनी बरं होतंय?” राजश्रीनं विचारलं.

“गोळी आजार थांबवत नाही. हात चालते ठेवते. आता तुमची बोटं जड झालीत, हालचाल बारीक झालीय, ते सुधारेल. थरथर कमी होईल.”

“आणि उशिरा घेतली तर?” हा प्रश्न ईश्वरीचा होता. तिनं तो शास्त्रीय कुतूहलानं विचारला असं ती पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत राहिली.

“उशिरा घेतली म्हणून आजार पळत सुटत नाही. तेवढा काळ हात मिळत नाहीत, इतकंच.”

परत येताना राजश्री बसच्या खिडकीतून बाहेर बघत होती. आपल्या हातात काहीतरी आहे असं तिला वर्षभर वाटत होतं, आणि ते खरंच होतं. शाल कंपवाताला मिळाली होती.

गोळ्या सुरू झाल्या आणि पंधरवड्यात फरक दिसला. एका संध्याकाळी चहा पिताना तिनं महादेवला शेजारच्या आवळेबाईंची गोष्ट सांगितली: त्यांनी सुनेवर रागावून स्वतःच्याच घराला बाहेरून कुलूप लावलं आणि मग आत जायला सुनेकडंच किल्ली मागितली. गोष्ट साधीच, पण गेले काही महिने तिचे हात गोष्ट सांगेनासे झाले होते. खुणा लहान व्हायच्या, मध्येच अडायच्या, शेवटाला पोचेपर्यंत हसायचं राहून जायचं. आज तिची बोटं सुनेसारखी नाक मुरडत होती, आवळेबाईंसारखी कंबरेवर जात होती. महादेवनं बशी खाली ठेवली. मग त्यानं उत्तरादाखल एका जुन्या मालकाची गोष्ट सांगितली. ती तिला पाठ होती, तरी तिनं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. शेवटी त्यानं विचारलं: इतके दिवस कुठं होतीस?

हिकडंच, तिनं सांगितलं.

त्याच पंधरवड्यात तिच्या ट्रेमधली रोपं उंच व्हायला लागली.

टोमॅटोचा प्रश्न नव्हता. टोमॅटोसाठीचा हात आधीच टिपून झाला होता. पण तो हात ढबू मिरचीवर चालेना. मिरचीचं पान वेगळं, त्याचा विरोध वेगळा, आणि थरथर त्या विरोधाला उत्तर देते. दर पिकाला हात नव्यानं टिपावा लागणार होता. गोळ्या घेतलेला हात टिपला, तर ममता छान गुळगुळीत फिरली आणि मिरचीची रोपं शाळेच्या ओळीत उभ्या राहिलेल्या लंबूटांग पोरांसारखी झाली.

हुपरीकरांनी राजश्रीला केबिनमध्ये बोलावलं. ईश्वरी आधीच बसलेली होती आणि टेबलाकडं बघत होती.

“राजश्रीताई, औषध बंद करा असं कंपनी कधीही म्हणणार नाही,” हुपरीकर म्हणाले. “कंपनीला तसं म्हणताच येत नाही.”

“मग मला कशाला बोलावलंय?”

“काळजी म्हणून. औषध कधी घ्यायचं हा तुमचा वैयक्तिक निर्णय. आम्ही त्याचा आदर करतो. फक्त माहिती म्हणून सांगतो, ढबू मिरची, वांगी, कोबी आणि पपई एवढंच बाकी आहे. एक हंगाम. त्यानंतर तुमच्या हाताला पूर्ण विश्रांती.”

“आणि न्हाई झालं तर?”

“तर काही नाही. एकट्या टोमॅटोवर ममता विभाग परवडत नाही, तो बंद होईल, आपण पुन्हा दांड्याकडं जाऊ. विभागातल्या लोकांना…” त्यांनी ईश्वरीकडं पाहिलं नाही, आणि ते न पाहणं खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं. “त्यांना आम्ही चांगली शिफारस देऊ.”

घरी जाताना स्कूटरवर ईश्वरी मोठ्यानं म्हणाली, “तू त्यांचं ऐकू नको. कळलं? मला दुसरीकडं मिळेल काहीतरी.”

“बरं.”

नदीवेस मागं पडली. सिग्नलला स्कूटर थांबली.

“डॉक्टर काय म्हणाले होते गं,” ईश्वरीनं विचारलं, “उशीर झाला तर?”

राजश्रीला डॉक्टरांचं उत्तर शब्दन् शब्द आठवत होतं, आणि ते ईश्वरीलाही आठवतंय हेही कळत होतं. “काय व्हत न्हाई म्हणालेत,” ती म्हणाली. सिग्नल सुटला.

गोळ्या बंद करतोय हे महादेवला सांगायचं नाही असं तिनं ठरवलं. सांगितलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी हुपरीकरांच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिला असता. ऐकू येत नसल्यामुळं त्याची कुणी समजूतही काढू शकलं नसतं. आणि एक हंगाम म्हणजे असा किती. गोळ्या बंद झाल्या, थरथर परतली, ढबू मिरची खुरटून दणकट व्हायला लागली. कंपनीत ती रोज मोजा घालून बसायची, हात सैल सोडायची आणि थरथर मोकळी करायची. ईश्वरी काचेपलीकडून आलेख बघायची आणि अंगठा वर करायची. घरी आलं की राजश्री हात ओढणीखाली घ्यायची.

इथं तिची चूक झाली, आणि ती चूक फक्त मागावरच्या माणसांच्या हातून होऊ शकते. शेडमध्ये हातांनी बोलणाऱ्यांचा एक रिवाज होता. कुणी हात झाकून घेतले, काखेत किंवा पदराखाली, तर त्याच्याशी बोलायला जायचं नाही. मयत झालेलं असो, मालकानं अपमान केलेला असो, हात झाकले म्हणजे दार लावून घेतलं. कारण विचारणंसुद्धा अडाणीपणाचं मानत. माणूस आपणहून हात बाहेर काढेपर्यंत थांबायचं.

महादेव थांबला. राजश्रीला वाटलं, याच्या काही लक्षात आलेलं नाही, बरं झालं. तो रिवाज तिला ठाऊक नव्हता असं नाही. पण तो शेडचा होता, स्वयंपाकघरात तो लागू होईल हे तिच्या डोक्यात आलं नाही. आणि गोळ्या चालूच आहेत असं धरून चाललेल्या महादेवच्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. आधी तो आपलं काय चुकलं ते शोधत राहिला. तिनं कधीतरी म्हटलेला मिक्सर दुरुस्त केला. तिला आवडतात म्हणून मलाबादे चौकातून भजी आणली. तिनं ती ओढणीतून एक हात जेमतेम बाहेर काढून घेतली, खाल्ली आणि हात परत आत घेतला. वांग्याचा हात टिपून झाला, कोबीचा सुरू झाला. महादेव संध्याकाळी ओट्यावर, तिच्याकडं पाठ करून बसायला लागला. एकदा खिडकीतून राजश्रीला दिसलं, की त्याची बोटं एकटीच मांडीवर काहीतरी जुळवत आहेत आणि अर्ध्यात मोडत आहेत. तिनं ठरवलं, पपई झाली की एका बैठकीत सगळं सांगून टाकायचं.

ईश्वरीनं बापासाठी फोन आणला. समोरचा बोलेल ते मोठ्या अक्षरात लिहून दाखवणारा. असे फोन कितीतरी वर्षांपासून मिळत होते. महादेवनं कधी हात लावला नव्हता, कारण घरात गरज नव्हती. आता त्यानं तो शिकून घेतला. फोन शुद्ध लिहायचा. आवळेबाई “काय करालाय?” म्हणाल्या की पडद्यावर ‘आपण काय करत आहात?’ असं यायचं. महादेव त्याला तोंडानं उत्तर द्यायचा. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळं तो माग चालू असल्यासारखा ओरडून बोलायचा, आणि बुगडांच्या घरी आज भाजी काय आहे ते गल्लीला कळायचं. गल्लीला हे आवडलं. महादेवलाही माणसं भेटली.

पपई झाली. ममता-दोनच्या उद्घाटनाला पाहुणे आले, आमदारांनी कापड ओढलं. खाली तो रबरी हात होता, बाईच्या हाताएवढा, रुळावर टांगलेला, आणि तो पपईच्या रोपांवरून थरथरत निघाला. अंगठा तर्जनीवर घासत होता. कोवळी पानं त्याच्याखाली दबत होती आणि सावरत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ईश्वरीला विभागप्रमुख केल्याचं जाहीर झालं, तेव्हा राजश्रीचे डोळे भरून आले. तिनं महादेवकडं पाहिलं. तो मुलीकडं बघत नव्हता. उभ्या आयुष्यात जो हात वाचत आला, त्याला हा हात रबराचा म्हणून परका वाटणार नव्हता. यंत्र रांगेच्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत तो ते बघत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून राजश्रीनं गोळ्या सुरू केल्या. हात यायला थोडे दिवस लागले. ज्या सकाळी तिला वेणी एका दमात घालता आली, त्या सकाळी ती ओट्यावर गेली, त्याच्यासमोर बसली, ओढणी खांद्यावरून मागं टाकली आणि सांगायला सुरुवात केली. हुपरीकरांची केबिन. स्कूटरवरचा प्रश्न. गोळ्या. मिरची, वांगी, कोबी, पपई. तू हापिसात जाऊन उभा राहिला असतास. एकच हंगाम म्हणाले. तिची बोटं आता जिथं पाहिजे तिथं जात होती, एकही खूण अडली नाही. माफीची खूण शेडमध्ये नव्हती, ती तिनं तिथल्या तिथं तयार केली.

महादेवनं सगळं पाहिलं. मग तो बोलला, आणि तोंडानं बोलला. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

“थरथर रोज कंपनीला दाखवलीस. मला न्हाई.”

राजश्रीनं हात उचलले. त्यानं नकारार्थी मान हलवली, खिशातून फोन काढला, पुसला आणि तिच्या तोंडासमोर धरला.

“ह्यात बोल.”

समोरच्या दारात आवळेबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. राजश्रीला बरंच काही बोलायचं होतं. ते हातांना येत होतं. त्याच्याशी बोलायची तोंडाला कधी सवयच लागली नव्हती.

“चहा ठेवू?” ती शेवटी म्हणाली.

पडद्यावर अक्षरं उमटली: ‘मी चहा ठेवू का?’ महादेवनं ती वाचली. “ठेव,” तो ओरडला, आणि फोन खिशात घालून रस्त्याकडं बघायला लागला.

ती लगेच उठली नाही. तिनं हात मांडीवर ठेवले. ते अगदी स्थिर होते.